तुलांबेनची ‘लिबर्टी’: बुडालेल्या जहाजावर डाइव्ह करायला निघण्याआधीचे प्रश्न

मालवणला एकदा पाण्याखाली जाऊन आलेल्या मंडळींचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘बुडालेलं जहाज बघायचंय, कुठं जाऊ?’ मी उत्तर देतो ते बालीतल्या तुलांबेनचं. पाणी कोमट, जहाज किनाऱ्यापासून दगड फेकला तर पोचेल इतकं जवळ, आणि पाच मीटरपासून तीस मीटरपर्यंत ज्याला जेवढं झेपेल तेवढं बघायची सोय. त्यामुळे ही प्रश्नोत्तरं त्या एका जहाजाभोवती आहेत. बाकीची जहाजं ओघात येतील.

हे जहाज नक्की कोणतं?

‘लिबर्टी’ नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज. लांबी साधारण १२५ मीटर. न्यू जर्सीतल्या कार्नी इथल्या गोदीत बांधलेलं, १९१८ साली पाण्यात उतरलेलं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन नौदलानं ते वापरलं. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्याच्या वाहतुकीत होतं.

११ जानेवारी १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाहून फिलिपाइन्सकडे रेल्वेचे सुटे भाग आणि रबर घेऊन जाताना, लोंबोक सामुद्रधुनीच्या नैर्ऋत्येला जपानी पाणबुडी आय-१६६ नं त्यावर टॉर्पेडो सोडला. जहाज लगेच बुडालं नाही. ‘पॉल जोन्स’ ही अमेरिकन आणि ‘व्हॅन घेंट’ ही डच अशा दोन विनाशिकांनी त्याला दोर लावून बालीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सिंगराजा बंदराकडे ओढत न्यायला सुरुवात केली. पण पोटात पाणी इतकं भरलं होतं की सिंगराजा गाठणं शक्य नव्हतं. शेवटी तुलांबेनच्या किनाऱ्यावर ते चढवलं, म्हणजे निदान माल तरी काढता येईल.

म्हणजे ते समुद्रात बुडालंच नाही?

एकवीस वर्षं नाही. १९४२ ते १९६३ ते काठावरच पडून होतं. काढण्यासारखं जे होतं ते लोकांनी काढून नेलं. मग १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. फेब्रुवारीत सुरुवात, मार्चमध्ये कहर, हजाराहून अधिक माणसं गेली. त्या उद्रेकाच्या हादऱ्यांनी जहाज किनाऱ्यावरून घसरलं आणि आज आहे तिथं, काळ्या वाळूच्या उतारावर कुशीवर जाऊन पडलं.

टॉर्पेडोनं ज्याला बुडवलं नाही त्याला डोंगरानं बुडवलं, ही गोष्ट गाइड ब्रीफिंगमध्ये हमखास सांगतो. तिथं उभं राहून मागं वळून बघितलं की ढग नसतील तर आगुंग समोरच दिसतो. तेव्हा ती सांगोवांगी वाटत नाही.

‘लिबर्टी शिप’ म्हणतात ती हीच ना?

नाही. हा घोळ इंटरनेटवर जागोजागी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं १९४१ ते १९४५ या काळात एकाच नकाशावरून २,७१० मालवाहू जहाजं धडाधड बांधली. त्या जातीला ‘लिबर्टी शिप’ म्हणतात. तुलांबेनच्या जहाजाचं नुसतं नाव लिबर्टी आहे, ते त्या जातीच्या आधी दोन दशकं जन्मलेलं. १९६७ साली इस्रायली हल्ला झालेली ‘लिबर्टी’ ती आणखी तिसरीच.

मी मालवणला स्कूबा केलंय. तेवढं पुरेल का?

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होतं ते बहुतेकांचं ‘ट्राय डाइव्ह’ असतं. प्रशिक्षक तुमची टाकी मागून धरून ठेवतो, वर-खाली तोच करतो, तुम्ही श्वास घ्यायचा आणि फोटोसाठी बोटं वर करायची. अनुभव म्हणून उत्तम, पण तो परवाना नव्हे. घाटातून ड्रायव्हरशेजारी बसून गेलात म्हणून घाट चालवता आला असं होत नाही, तसंच.

लिबर्टीवर नीट डाइव्ह करायला ‘ओपन वॉटर’ कोर्स हवा. तीन-चार दिवसांचा असतो. आपल्याकडं तारकर्लीला एमटीडीसीच्या (राज्य पर्यटन महामंडळाच्या) प्रशिक्षण केंद्रात होतो, गोव्यात होतो, अंदमानात होतो आणि तुलांबेनलाही होतो. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर. त्यापुढचा ‘अॅडव्हान्स्ड’ केला की ३० मीटर.

कोर्स न करता तुलांबेनलाही ट्राय डाइव्ह मिळतो. जहाजाचा उथळ भाग तेवढ्यात दिसतो. पण विमानाचं तिकीट काढून तिथवर जाणार असाल तर आधी कोर्स करा, हे माझं स्पष्ट मत.

अठरा मीटरच्या मर्यादेत जहाज किती दिसतं?

बरंच. जहाज किनाऱ्याला समांतर, उतारावर पडलंय. एक बाजू पाच-सहा मीटरवर वर आलेली, खालची तीस मीटरच्या आसपास वाळूत. अठरा मीटरवरून खाली बघितलं तरी पाणी स्वच्छ असेल त्या दिवशी तळ दिसतो. मासे, मऊ प्रवाळ, पंख्यासारखी पसरलेली गोरगोनियन हे सगळं अठराच्या वरसुद्धा भरपूर आहे.

अॅडव्हान्स्ड नाही म्हणून हिरमुसू नका. पहिल्या फेरीत मी अट्टहासानं खाली गेलो आणि आठवतं काय, तर खोली-वेळ दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवरचे आकडे. दुसऱ्या दिवशी बारा मीटरवर एकाच खांबाजवळ दहा मिनिटं थांबलो, तेव्हा जहाज दिसलं.

खोल गेलं की हवा लवकर संपते म्हणतात. किती लवकर?

दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, तीस मीटरवर चार. रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरायचं टाकीतली हवा देणारं यंत्र, तुम्हाला त्या दाबाचीच हवा देतो, म्हणजे तीस मीटरवरचा एक श्वास वरच्या चार श्वासांएवढी हवा खातो.

हिशेब मांडून बघा. नेहमीच्या अॅल्युमिनियमच्या टाकीत २०० बार दाबाला (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण) साधारण २,२०० लिटर हवा मावते. नवा डायव्हर आरामात मिनिटाला वीस लिटर ओढतो. दहा मीटरवर ते चाळीस होतात, टाकी ५५ मिनिटं पुरेल. तीस मीटरवर ऐंशी, टाकी २७ मिनिटांत रिकामी. आणि टाकी रिकामी करून कुणी वर येत नाही, ५० बार राखून पृष्ठभागावर यायचं असतं. म्हणजे हातात उरतात वीस मिनिटं, त्यात जाणं आलं, येणं आलं.

शिवाय दाबाखाली हवेतला नायट्रोजन अंगात विरघळत जातो, त्याचं घड्याळ वेगळं चालतं. साध्या हवेवर १८ मीटरला पहिल्या डाइव्हमध्ये तक्त्याप्रमाणे ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरला फक्त २०. हवा उरली असली तरी हे घड्याळ संपलं की वर सरकायचंच.

मग नायट्रॉक्स घ्यावं का?

कोर्स केलेला असेल तर लिबर्टीवर जरूर घ्या. नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजन २१ ऐवजी साधारण ३२ टक्के, म्हणून नायट्रोजन कमी. ३० मीटरवरची वीस मिनिटं जवळपास अर्ध्या तासावर जातात. मात्र त्यानं टाकी जास्त वेळ पुरत नाही, आणि जास्त खोलही जाता येत नाही. उलट ३२ टक्क्यांना साधारण ३४ मीटर ही हद्द, कारण त्याखाली ऑक्सिजनच अंगावर उलटतो, झटके येऊ शकतात. ‘नायट्रॉक्स म्हणजे खोल जायचा गॅस’ असं कुणी सांगितलं तर त्याच्यामागून जाऊ नका.

जहाजाच्या आत शिरता येतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी उत्साह असतो.

लिबर्टी आता पूर्ण बंदिस्त जहाज उरलेलं नाही. पत्रे गळून पडलेत, बाजू उघड्या पडल्यात, खांबांमधून आरपार दिसतं. त्यामुळे गाइड तुम्हाला एक-दोन प्रशस्त जागांमधून नेतो. तिथं वर उजेड दिसतो आणि पुढं बाहेर पडायची वाटही. याला आत शिरणं म्हणू नये, मांडवाखालून जाणं म्हणावं.

खरं आत शिरणं म्हणजे डोक्यावर छप्पर, आणि काही बिनसलं तर सरळ वर जायची सोय नाही. त्याचं शिक्षण वेगळं आहे. दोर बांधून, रीळ सोडत जायचं, म्हणजे परतीची वाट हाताला लागते. एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश अडचणीसाठी. दोन-तीन टॉर्च. हौशी डायव्हरांच्या ‘रेक’ (बुडालेलं जहाज) कोर्समध्येसुद्धा खोली आणि आतलं अंतर मिळून पृष्ठभागापासून चाळीस मीटरच्या पलीकडे जायला मनाई असते, आणि दाराचा उजेड दिसत राहिला पाहिजे.

लोकांना वाटतं धोका म्हणजे शार्क किंवा कोसळणारा पत्रा. खरा धोका गाळ आहे. बंद खोलीत वर्षानुवर्षं बसलेला पीठासारखा गाळ पायातल्या एका फिनच्या फटक्यानं उठतो, आणि आत आलात ते दार हाताच्या अंतरावर असूनही दिसत नाही. टॉर्च लावला तर धुक्यात गाडीचा हेडलाइट लावल्यासारखं सगळं पांढरं होतं. दुसरा धोका अडकण्याचा: मासेमारीची तंगूसची दोरी, लोंबणारी तार, आणि त्यात गुंतलेली आपलीच एखादी नळी.

तेव्हा उत्तर: शिकला नसाल तर नाही. गाइड ‘नो प्रॉब्लेम’ म्हणाला तरी नाही.

माझी बोयन्सी, म्हणजे पाण्यात एका पातळीवर तरंगत राहणं, फारशी चांगली नाही. चालेल ना?

चालेल असं मी म्हणणार नाही.

प्रवाळाच्या मोकळ्या रीफवर हातभर वर-खाली झालात तर फार बिघडत नाही. जहाजावर तेवढं झालं की खाली गंजलेला धारदार पत्रा आणि वर लोखंडी तुळई. शिवाय लिबर्टीच्या प्रत्येक इंचावर काहीतरी जिवंत आहे. हायड्रॉइड नावाची नाजूक पिसांसारखी वाढ असते, ती अंगाला घासली की दोन दिवस खाजतं.

माझी फजिती सांगतो. तिसऱ्या डाइव्हला कॅमेरा घेऊन वाळूतल्या एका चिमुकल्या कोळंबीसमोर गुडघे टेकून बसलो. उठताना फिन मारला. काळी वाळू अशी उडाली की माझ्यामागं आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या चार जपानी आजोबांना काहीच दिसेना. पाण्याखाली शिव्या देता येत नाहीत, पण मास्कमागून डोळे बोलतात. त्या दिवसापासून मी फिन्स बेडकासारखे मारायला शिकलो: गुडघे वाकवून, तळवे वर ठेवून, पाणी मागं ढकलायचं, खाली नाही.

निघण्याआधी जवळच्या पोहण्याच्या तलावात दोन तास नुसतं तरंगत राहण्याचा सराव करा. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली, हातपाय न हलवता. एवढं जमलं तर जहाजाचा निम्मा कोर्स झाला समजा. आणि कंबरेला बांधायचं शिशाचं वजन कमी ठेवा. नवे लोक हटकून दोन किलो जास्त बांधतात आणि मग ते सावरायला जॅकेटात हवा भरत बसतात.

होडीनं जायचं की काठावरून?

काठावरून. हीच तुलांबेनची गंमत. जहाज किनाऱ्यापासून तीसेक मीटरवर सुरू होतं.

फक्त तो किनारा वाळूचा नाही, गोलगुळगुळीत काळ्या धोंड्यांचा आहे. पाठीवर टाकी, कंबरेला वजन आणि पायाखाली सरकणारे दगड. लाट मोठी असेल त्या दिवशी अख्ख्या डाइव्हमधला सगळ्यात कठीण भाग हाच. जाड तळव्याचे बूट घ्या. पाणी कंबरेपर्यंत आलं की फिन्स चढवून लगेच पोहायला लागा, उभं राहून गप्पा मारू नका. परतताना उलटं: गुडघाभर पाण्यात येईपर्यंत पोहत राहा, रेग्युलेटर तोंडातून काढू नका.

टाक्या वाहून नेण्याचं काम गावातल्या बायका करतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टाकी, कधी एकावेळी दोन, आणि आपण मोकळ्या अंगानं धडपडतो त्याच धोंड्यांवरून त्या तरातरा चालत जातात. या कामाची त्यांची स्थानिक संघटना आहे आणि गावाच्या मिळकतीत त्याचा वाटा आहे. ‘माझी टाकी मीच नेतो’ असा बाणेदारपणा तिथं दाखवू नका.

प्रवाह कसा असतो? पाणी किती गार?

प्रवाह बहुतेक दिवशी सौम्य. पाणी २६ ते २९ अंश, तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. दिवसात तीन डाइव्ह करणार असाल तर तिसऱ्याला थंडी वाजते, तेव्हा डोक्याला टोपी घ्या. एप्रिल ते नोव्हेंबर हे दिवस चांगले. पावसाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, ओढ्यांचं पाणी येऊन गढूळ होतं आणि लाटही चढते. आपला पावसाळा असतो तेव्हा तिथं कोरडा हंगाम, त्यामुळे जूनमध्ये मालवण-गोव्याचं डायव्हिंग बंद पडलं की इकडं जाता येतं. हे जुळणं कोकणातल्या डायव्हरांना फार सोयीचं पडतं.

एवढे मासे एका गंजक्या जहाजावर का जमतात?

आजूबाजूला बघा: मैलभर काळी, सरकती ज्वालामुखीची वाळू. प्रवाळाचं पिल्लू पाण्यात तरंगत येतं, त्याला बूड टेकवायला टणक जागा लागते. वाळूवर ते बसूच शकत नाही, बसलं तरी गाडलं जातं. अशा वाळवंटात सव्वाशे मीटर लोखंड मिळालं म्हणजे धर्मशाळाच. आधी शेवाळ, स्पंज, मग प्रवाळ, मग त्यात लपणारे छोटे मासे, मग त्यांना खाणारे मोठे. शिवाय शेजारच्या लोंबोक सामुद्रधुनीतून प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागरात वाहत असतं. ते अन्न घेऊन येतं.

ट्रेव्हली माशांचा शेकड्यांचा थवा उथळ पाण्यात भोवऱ्यासारखा फिरत असतो, त्याच्या मधोमध शिरलं की आकाश झाकलं जातं. एखादा थोराड बॅराकुडा टेहळणी करत असतो. हेकरू, ज्याला बाजारात आपण गोबरा म्हणतो, तुळईखाली तोंड उघडून बसलेला असतो आणि दात घासणाऱ्या कोळंब्या त्याच्या तोंडात ये-जा करतात. वाळूवर ‘गार्डन ईल’ गवताच्या काड्यांसारख्या उभ्या डोलतात, जवळ गेलं की एकदम सगळ्या बिळात. पंख्यासारख्या गोरगोनियनवर नखाएवढा पिग्मी सीहॉर्स, म्हणजे चिमुकला समुद्रघोडा असतो. गाइड सुईनं दाखवतो, तरी पहिल्यांदा दिसत नाही, आणि आपण सभ्यपणे ‘ओके’ची खूण करतो. मी दोनदा केली आहे.

पहाटेच्या डाइव्हचं एवढं कौतुक का?

दोन कारणं. एक, बंपहेड पोपटमासे. कपाळावर टेंगूळ असलेला हा हिरवट मासा सव्वा मीटरपर्यंत वाढतो, चाळीस किलोच्या पुढं जातो. चोचीनं प्रवाळ फोडून खातो आणि मागून वाळू टाकत जातो. त्यांचा कळप रात्री जहाजात झोपतो आणि सूर्य वर आला की बाहेर समुद्रात निघून जातो. सहाच्या सुमाराला पाण्यात असाल तर म्हशी गोठ्यातून बाहेर पडाव्यात तसे रांगेनं जाताना दिसतात. आठला गेलात तर नाही.

दुसरं कारण गर्दी. दक्षिण बालीतून दिवसाच्या सहलीला येणाऱ्या गाड्या दहाच्या सुमाराला पोचतात. मग जहाजावर माशांपेक्षा फिन्स जास्त. म्हणून मुक्काम तुलांबेनलाच करा. विमानतळापासून गाडीनं अडीच-तीन तास लागतात, ते रोज करणं मूर्खपणाचं आहे.

विषारी काय असतं?

लायनफिश, स्कॉर्पियनफिश आणि स्टोनफिश. पहिला दिसतो, उरलेले दोन गंजलेल्या पत्र्यासारखेच दिसतात. हात न लावणं हाच उपाय. हातमोजे घातले की माणूस बिनधास्त कुठंही हात टेकतो, म्हणून मी ते घालत नाही. काटा घुसलाच तर भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात. उष्णतेनं विषातली प्रथिनं मोडतात आणि ठणका कमी होतो. त्यानंतर डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन घरून निघतानाच घेतलेलं बरं, सगळीकडं गंजच गंज आहे.

टॉर्च दिवसाही लागतो का?

लागतो. पाणी लाल रंग आधी गिळतं. पाच-दहा मीटरच्या खाली सगळं निळं-राखाडी. टॉर्च मारला की त्याच खांबावर शेंदरी, जांभळं, पिवळं उमटतं. टॉर्चशिवाय लिबर्टी बघणं म्हणजे पैठणी अंधारात बघणं.

दमा आहे, कानाचं दुखणं आहे, नुकतंच ऑपरेशन झालंय. जाऊ का?

डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरला विचारा, मला नाही. एवढं सांगतो, की वैद्यकीय फॉर्मवर खोटं ‘नाही’ लिहू नका. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात जाऊ नका. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन जाणं आणखी वाईट: तिचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना कानात हवा कोंडते. गरोदर असाल तर डायव्हिंग नाही, इथं चर्चेला जागा नाही.

मुलांना नेता येईल?

दहा वर्षं पूर्ण झाली की ज्युनियर ओपन वॉटर करता येतं, मोठ्यांच्या सोबतीनं १२ मीटरपर्यंत. लिबर्टीवर बारा मीटर म्हणजे कमी नाही. पण मुलाला स्वतःला हवं असेल तर. बापाच्या हौसेसाठी रडत पाण्यात उतरलेलं पोर मी बघितलंय.

डाइव्हनंतर विमान कधी?

एकच डाइव्ह केला असेल तर किमान १२ तास, अनेक केले असतील तर १८ तास. मी पूर्ण दिवस मोकळा ठेवतो.

आपल्या लोकांची खरी चूक पुढंच होते. विमानाचं सगळ्यांना माहीत असतं, डोंगराचं नसतं. सकाळी डाइव्ह, दुपारी ‘जाता जाता’ किंतामणी बघून उबुदला मुक्काम असा बेत टॅक्सीवाला आनंदानं आखून देतो. किंतामणी सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. अंगात विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडायचाय आणि तुम्ही हवेचा दाब कमी करताय, सोडा वॉटरच्या बाटलीचं झाकण सैल केल्यासारखं. परतताना किनाऱ्यालगतचा रस्ता धरा. आगुंग चढायचा असेल, तो तर ३,००० मीटरच्या वर आहे, तर आधी चढून घ्या आणि मग डायव्हिंग.

पाण्यातून वर येतानाही तोच नियम: मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेगानं नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा. लिबर्टीवर हा थांबा कंटाळवाणा होत नाही, जहाजाचा वरचा भाग समोरच असतो.

काही बिघडलंच तर?

सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर, अंगावर चट्टे, अकारण थकवा: डाइव्हनंतर असं काही झालं तर झोपून बघू म्हणू नका. शंभर टक्के ऑक्सिजन द्यायला सांगा. दाबकक्ष, म्हणजे दाब वाढवून उपचार करायची खोली, बालीची राजधानी देनपसारच्या सरकारी रुग्णालयात आहे, म्हणजे अडीच तासांवर. आपल्या साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग बहुधा वगळलेलं असतं, बारीक अक्षरं वाचा. डायव्हरांचा वेगळा विमा मिळतो, तो घ्या. डाइव्ह सेंटर निवडताना दर विचारण्याआधी ‘ऑक्सिजनची पेटी दाखवा’ म्हणा. दाखवायला वेळ लागला तर दुसरं सेंटर बघा.

आठवण म्हणून एखादा तुकडा आणला तर?

नाही. खिळासुद्धा नाही.

जावा समुद्रात २७ फेब्रुवारी १९४२ च्या लढाईत बुडालेल्या डच युद्धनौका २०१६ साली पाणबुडे बघायला गेले, तर ‘डी रुयटर’ आणि ‘जावा’ जागेवर नव्हत्याच. भंगारवाल्यांनी अख्ख्या नौका, त्यांच्यासोबत जलसमाधी मिळालेल्या खलाशांच्या अवशेषांसकट, कापून नेल्या होत्या. वाळूत फक्त खड्डे उरले होते. एक खिळा आणि एक युद्धनौका यांत फरक आहे हे मला कळतं, पण रोज येणाऱ्या डायव्हरांचे खिळे मोजले तर तो फरक फार टिकत नाही.

दुसरी कोणती जहाजं बघावीत?

थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येकावर वेगळं लिहावं लागेल.

इजिप्तच्या तांबड्या समुद्रातलं ‘थिसलगॉर्म’ सगळ्यात प्रसिद्ध. ६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी बुडवलेलं ब्रिटिश जहाज. नऊ जण गेले. तीस मीटरवर आजही त्याच्या पोटात बीएसए आणि नॉर्टन मोटरसायकली, बेडफर्ड ट्रक, रायफली आणि बुटांच्या जोड्या आहेत, बाहेर वाळूत रेल्वे इंजिन. प्रवाह जोरदार, होडीवरूनच जावं लागतं. लिबर्टीवर दहा-वीस डाइव्ह झाल्यावर जा.

श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ ‘हर्मिस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका आहे, ९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी बुडवलेली. ती पन्नास मीटरच्या खाली आहे, म्हणजे हौशी डायव्हरच्या चाळीस मीटरच्या हद्दीबाहेर.

आणि आपल्याकडं?

गोव्यात ग्रांद बेटाजवळ ‘सूझीज रेक’ आहे. उथळ, शिकायला सोपं. पाणी मात्र गोव्याचं, बऱ्याचदा दोन-चार मीटरच्या पलीकडं दिसत नाही. बालीहून आलेला माणूस नाक मुरडतो, पण गढूळ पाण्यात बडीला, म्हणजे डाइव्हच्या जोडीदाराला, धरून राहायची शिस्त तिथंच लागते.

गोव्याची खरी श्रीमंती पर्यटकांच्या यादीत नाही. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी सुंची रीफवर सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. तोफ, चिनी मातीची भांडी, मर्तबानी रांजण, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात. सेंट जॉर्ज रीफवरच्या जहाजात मंगळुरी कौलं सापडली, बासेल मिशनच्या कारखान्याचा १८६५ चा शिक्का असलेली. कोकणातल्या जुन्या घरांच्या छपरांवर अशीच शिक्क्याची कौलं दिसतात. मला त्या कौलांचं थिसलगॉर्मच्या मोटरसायकलींपेक्षा जास्त अप्रूप वाटतं. माझ्या आजोळच्या पडवीवर ती होती.

आणि सिंधुदुर्गात ‘गुलदार’. नौदलाची सुमारे ८४ मीटर लांबीची, रणगाडे-सैनिक उतरवणारी नौका. पोलंडमधल्या ग्डिनियात बांधलेली, डिसेंबर १९८५ मध्ये दाखल झालेली, जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला ती एमटीडीसीच्या ताब्यात आली, निवतीच्या खडकांजवळ मुद्दाम बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ करायची या योजनेखाली. अशी जहाजं बुडवण्याआधी तेल, वायरी, रंगाचे पोपडे काढून स्वच्छ करावी लागतात, आणि डायव्हर अडकू नयेत म्हणून मोठी भोकं पाडावी लागतात. तिच्यावर प्रवाळ कसं धरतं हे बघायला आपल्याला बालीला जावं लागणार नाही. तोवर निवतीच्या पाण्यात उतरायची तयारी लिबर्टीवर करून ठेवायला हरकत नाही.

व्हिसा वगैरे?

भारतीयांना बालीत उतरल्यावर व्हिसा मिळतो, पाच लाख रुपिया. त्याशिवाय दीड लाख रुपियांचा पर्यटन कर आहे. शून्यं बघून घाबरू नका.

सोबतचे लोक डाइव्ह करत नाहीत. त्यांचं काय?

पोहता येत असेल तर स्नॉर्केल लावून जहाजाचा वरचा भाग तरंगत बघता येतो, तो पाच मीटरवरच आहे. सकाळची वेळ गाठली तर ट्रेव्हलींचा भोवराही वरून दिसतो.

पोहता येत नसेल तर काठावरच्या टपरीत कॉफी घेऊन बसता येतं. माझी आई बसली होती. निघताना म्हणाली होती, ‘एवढे पैसे घालून गंजलेलं लोखंड बघायला?’ मी पन्नास मिनिटांनी धोंड्यांवरून धडपडत वर आलो, तर ती उठून उभी राहिली होती आणि टाक्या नेणाऱ्या बाईशी, एकमेकींचा एक शब्द कळत नसताना, बोलत होती. जहाज इतकं जवळ आहे की आमचे बुडबुडे तिला अख्खा वेळ दिसत होते. ‘मधे एकदा तू बराच वेळ एकाच जागी होतास,’ ती म्हणाली. ‘तिथं काय होतं?’

कोळंबी होती.